लव्हाळा म्हणजे टायगर नट नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या महिन्यात आपल्या रविवारच्या पुरवणीत ‘टायगर नट’ या नव्या खाऊवर पानभर मजकूर आला होता. मजकूर वाचनीय होता आणि स्पेनमधल्या पेयाची माहितीही बरोबर होती. पण शेवटी शेवटी ‘हा टायगर नट म्हणजे दुसरंतिसरं काही नसून आपल्या शेतात माजणारा लव्हाळाच’ असं एक वाक्य होतं. सोबत छापलेलं चित्रही लव्हाळ्याचंच होतं. त्या एका वाक्यानं माझ्या दुकानात आठवडाभर काय काय घडलं ते कळावं, म्हणून हे पत्र.

कराडात माझं काष्ठौषधींचं दुकान आहे. वडिलांनी थाटलं, मी अडतीस वर्षं गल्ल्यावर बसतोय. हिरडा, बेहडा, वाळा, पित्तपापडा, मुरुडशेंग हे आमचं रोजचं गिऱ्हाईक. दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस मात्र नागरमोथ्याचे. उटण्यात नागरमोथा, कपूरकचरी, आंबेहळद पडल्याशिवाय अभ्यंगस्नान झाल्यासारखं वाटत नाही अशी अजून पुष्कळ घरं आहेत. हा नागरमोथा म्हणजे लव्हाळ्याच्या मुळांवरच्या गाठी. म्हणजे ज्याच्या नावानं माझे दाजी बोटं मोडतात, तेच मी पुड्या बांधून विकतो. बहिणीकडं जेवायला बसलो की हा विषय निघतोच.

रविवारी पुरवणी आली आणि मंगळवारी सकाळी एक गृहस्थ मातीसकट लव्हाळ्याच्या गाठींची पाटी घेऊन दुकानात हजर. म्हणाले, “घ्या, टायगर नट. भाव पेपरात वाचलाय.” मी विचारलं, “खाऊन बघितलात?” तर म्हणाले, “विकायच्यात, खाऊन कशाला बघू?” मी एक गाठ धुऊन, वरचं काळं सोलून त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी चावली मात्र, आणि उठून पायरीपर्यंत गेले ते थुंकायलाच. कडू, तुरट, कापरासारखी जिभेवर चढणारी चव असते ती, पाणी पिऊनही लवकर उतरत नाही. पाटी मी काष्ठौषधीच्या भावानं ठेवून घेतली. यापेक्षा येण्याजाण्याचं रिक्षाभाडं जास्त झालं, असं म्हणत ते गेले.

गुरुवारी एक मुलगी आली. कडेवर दीड वर्षाचं बाळ होतं. तिला बाळाच्या खिरीसाठी ‘लव्हाळ्याचं पीठ’ हवं होतं. नाही म्हटलं तर तिला वाटलं, दुकानदार जुन्या वळणाचा आहे, याला काही माहीत नाही. तिसरा आला तो घरचाच, दाजींचा मुलगा. इंटरनेटवरून टायगर नटचं बियाणं मागवून नदीकडच्या दहा गुंठ्यांत लावायचं त्यानं ठरवलं होतं. “मामा, लव्हाळा नाहीतरी आपल्याकडं फुकट येतो, मग हा पैसे देऊन आणला तर काय बिघडलं?” असा त्याचा सवाल. त्याच्यासाठी म्हणून जे सगळं जुळवलं, तेच खाली लिहितो.

दोन्ही वनस्पती एकाच घरातल्या. गवतासारख्या दिसतात, पण गवत नव्हेत. काडी चिमटीत धरून फिरवा, बोटांना तीन कडा लागतात. पानंही तीन बाजूंना फुटतात. गवताची काडी गोल, मध्ये पेरं असलेली आणि बहुधा पोकळ. हिची भरीव आणि पेराशिवायची. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसनं 1753 साली दोघींनाही शास्त्रीय नावं दिली. लव्हाळ्याला सायपरस रोटुंडस, म्हणजे गोल. टायगर नटला सायपरस एस्क्युलेंटस, म्हणजे खाण्याजोगा. गंमत अशी की दोघींच्या गाठी शेजारी शेजारी ठेवल्या तर जास्त गोल दिसते ती टायगर नटची. लव्हाळ्याची बहुतेक गाठ वेडीवाकडी, लांबट, खरबरीत सालीची असते.

हे मी पुस्तकात वाचून लिहीत नाही. दोन वर्षांपूर्वी मुलीनं पुण्याहून टायगर नटची छोटी पुडी आणली होती. किंमत बघून मी म्हटलं, बदाम परवडले. खाऊन बघितलं तर चव ओल्या खोबऱ्याची आणि बदामाची मिळून, थोडी गोडसर, साल चिवट. रात्रभर भिजवल्यावर मऊ पडते. वाण्याची खोड जात नाही, मी त्यातले पाच दाणे बाजूला काढले आणि गच्चीवर कुंडीत लावले. शेजारच्या कुंडीत दाजींच्या शेतातल्या लव्हाळ्याच्या पाच गाठी. माती तीच, पाणी तेवढंच.

पहिल्या पंधरवड्यात दोन्हीकडं नुसती पात दिसली. मी कुंड्यांवर खडूनं खुणा केल्या होत्या म्हणून बरं, नाहीतर मलाच ओळखू आलं नसतं. महिन्यानंतर फरक पडायला लागला. लव्हाळ्याची पात गर्द हिरवी, आखूड, जमिनीलगत पसरलेली. टोक एकदम निमुळतं होऊन संपणारं. टायगर नटची पात पोपटी, पिवळसर झाक असलेली, उंच, आणि टोक लांबवर बारीक होत गेलेलं. पान उभं धरून टोकाकडं बघितलं की चूक होणं कठीण. लव्हाळ्याला दीड महिन्यात तुरे आले, तांबूस जांभळट, वाळल्यावर विटकरी. इंग्रजीत त्याच्या नावातच जांभळा रंग आहे आणि दुसऱ्याच्या नावात पिवळा, कारण रानातल्या टायगर नटचा तुरा वाळलेल्या गवताच्या रंगाचा, फिक्कट सोनेरी असतो. माझ्या कुंडीत मात्र त्याला तुरा आलाच नाही. लागवडीच्या वाणाला तो क्वचितच येतो. म्हणून नुसत्या तुऱ्यावर भरवसा ठेवू नये.

खरी ओळख पटते ती कुंडी उपडी केल्यावर. दिवाळीनंतर दोन्ही रिकाम्या केल्या. लव्हाळ्याच्या कुंडीत गाठी माळेत ओवल्यासारख्या होत्या. एका गाठीतून दोरा निघतो, पुढं दुसरी गाठ, तिच्यातून पुन्हा दोरा, पुन्हा गाठ. दोरा ताणला की चार-पाच गाठी एकदम वर येतात आणि सहावी तुटून मातीत राहते. ती राहिलेली सहावी म्हणजेच दाजींचं पुढच्या वर्षीचं भांगलण. टायगर नटच्या कुंडीत माळ नव्हती. प्रत्येक दोऱ्याच्या टोकाला एकच गाठ, वाटाण्याएवढी, गुळगुळीत. दोरा वाळून गळतो आणि गाठ मातीत सुटी पडते. पाच दाण्यांच्या शंभरावर गाठी निघाल्या. पुढं मोजायचा कंटाळा आला.

वास हा दुसरा पुरावा, आणि माझ्या धंद्यातला. लव्हाळ्याची गाठ नखानं खरवडली तरी हाताला वास राहतो. मातीचा, धुपाचा, थोडा मिरीचा. मिरीचा म्हणतो तो उगाच नव्हे. काळ्या मिरीच्या ज्या वासाला रोटंडोन हे द्रव्य कारण आहे, ते पहिल्यांदा सापडलं लव्हाळ्याच्याच गाठीत, आणि नावही त्यावरूनच पडलं. मिरीत आणि शिराझ द्राक्षांच्या वाइनमध्ये ते असल्याचं कळलं 2008 साली. वडिलांना हे कळतं तर खूश झाले असते. ते मिरीची आणि मोथ्याची बरणी एकाच फळीवर ठेवायचे आणि ‘जुनी ओळख आहे यांची’ म्हणायचे. टायगर नटला असला वास नाही. तिच्या गाठीत स्टार्च, साखर आणि वजनाच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याइतकं तेल. एक आहे औषधाच्या पुडीत जाणारी, दुसरी खाऊच्या वाटीत.

षडंगपानीय करायला येणाऱ्यांना मी तापासाठीच्या सहा जिनसांत मोथा देतो: मोथा, पित्तपापडा, वाळा, चंदन, सुगंधी वाळा आणि सुंठ. मुस्तकारिष्ट या औषधाच्या तर नावातच मोथा आहे, मुस्तक म्हणजे मोथा. या मोथ्याच्या जागी कुणी टायगर नट घातला तर काढा होईल गोडसर पाणी. आणि खिरीत कुणी मोथा घातला तर ते बाळ खिरीला जन्मभर तोंड लावणार नाही. (नागरमोथा या नावाखाली आमच्या बाजारात मध्य प्रदेशकडून तिसऱ्याच एका बहिणीचा मालही येतो. त्याच्या मुळ्या लांब, वास अधिक चढा, अत्तरवाल्यांच्या कामाचा. त्यावर लिहायला बसलो तर दुसरं पत्र होईल.)

आता खाण्याचं. टायगर नट हा नवा खाऊ नव्हे. इजिप्तमधल्या फार जुन्या, पिरॅमिडांच्याही आधीच्या थडग्यांत या गाठी सापडल्या आहेत. नायजेरियात त्या वाटून ‘कुनुन आया’ नावाचं पेय करतात. स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाच्या उत्तरेला, अल्बोराया गावाच्या आसपास, वाळूसर मळ्यांत तिची रीतसर शेती होते. वरची पात वाळली की जाळतात, मग गाठी काढून धुतात आणि तीनेक महिने उलथून-पालथून वाळवतात. त्या भिजवून, वाटून, गाळून, साखर घालून थंडगार ‘ओर्चाता’ होतं. आपल्या पुरवणीनं याचं छान वर्णन केलं होतं, त्याबद्दल तक्रार नाही.

आणि अगदी खरं बोलायचं तर लव्हाळाही माणसानं खाल्लेला आहे. सुदानमध्ये पांढऱ्या नाईलच्या काठी अल खिदे नावाच्या ठिकाणी हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांच्या दातांवरचं किटण तपासलं गेलं. त्यात लव्हाळ्याच्या गाठी खाल्ल्याच्या खुणा निघाल्या, आणि हे संशोधन 2014 साली प्रसिद्ध झालं. दात किडवणाऱ्या जंतूंना लव्हाळ्यातली द्रव्यं रोखतात, म्हणून त्या लोकांचे दात शाबूत राहिले असावेत असा अभ्यासकांचा अंदाज आहे. तेव्हा आपल्या लेखकानं ‘लव्हाळाही पूर्वी खात’ एवढंच लिहिलं असतं तर मी गप्प बसलो असतो. पण पूर्वी खात असत आणि आज बदामाच्या भावानं विकतात, या दोन गोष्टी एकाच गाठीबद्दल नाहीत. रानडुकरं अजूनही मोथ्यासाठी बांध उकरतात, त्यांची मात्र कडूपणाबद्दल तक्रार ऐकली नाही.

उरला भाच्याचा प्रश्न. त्यासाठी आधी दाजींचं ऐकलं पाहिजे. त्यांची जमीन रेठऱ्याच्या बाजूला, कृष्णेकाठची काळी. ऊस आणि दोन एकर हळद. हळदीत लव्हाळा घुसला की वर्षभर बायका खुरपं घेऊन भांगलत असतात. खुरप्यानं पात कापली जाते, गाठ खालीच. औषध मारलं तर पात करपते आणि झोपलेल्या गाठी पुढच्या पाण्याला जाग्या होतात. कुळव फिरवला तर माळ तुटते. अखंड माळेत टोकाची गाठ बाकीच्यांना दाबून ठेवते. माळ तुटली की प्रत्येक गाठ स्वतंत्र, आणि जिथं एक पात होती तिथं चार. टोमॅटोला प्लास्टिकचा मल्चिंग पेपर घातला, तर लव्हाळ्याचा कोंब सुईसारखा त्याला भोक पाडून वर आला. दाजी म्हणतात, पुरात झाडं जातात आणि लव्हाळे राहतात हे शाळेत पाठ करून घेतलं, पण नांगरटीतही राहतात हे कुणी सांगितलं नाही.

एकच गोष्ट त्यांना थोडीफार लागू पडली. ऊस निघाल्यावर एप्रिलमध्ये खोल नांगरट करून ढेकळं तापू द्यायची, वळवाच्या पावसाआधी गाठी वेचायच्या, आणि पुढचं पीक असं घ्यायचं की त्याची सावली लवकर पडावी. लव्हाळ्याला ऊन सोसतं, सावली सोसत नाही. मातीत ओल असेपर्यंत गाठ मरत नाही, पण उघड्यावर पडून पार सुकली की संपते. बहुतेक गाठी वितीभराच्या आतच असतात म्हणून हे जमतं. तरीही ‘लव्हाळा गेला’ असं म्हणायची हिंमत दाजी करत नाहीत. ‘यंदा कमी आहे’ म्हणतात.

अशा रानात भाचा लव्हाळ्याची धाकटी बहीण, म्हणजे टायगर नट, पैसे देऊन आणणार होता. लव्हाळा जगातल्या सगळ्यांत वाईट तणांच्या यादीत पहिल्या नंबरावर मानला गेलाय हे अनेकांना माहीत असतं, पण टायगर नटचं रानटी रूपही त्याच पंगतीत बसतं. अमेरिकेत मिनेसोटात एकाच गाठीपासून वर्षभरात सुमारे 1,900 रोपं आणि जवळपास 7,000 गाठी झाल्याची नोंद आहे. नेदरलँड्समध्ये ती ग्लॅडिओलसच्या कंदांबरोबर शिरली, आणि आता तिथं जिच्यात ती सापडते त्या जमिनीत बटाट्यासारखी, मातीसकट कंद बाहेर नेणारी पिकं घ्यायला सरकारी बंदी आहे. लव्हाळ्यापेक्षा तिला थंडी जास्त सोसते, आणि रानटी रूपाला रुजणारं बीही धरतं. लव्हाळा बियांच्या भरवशावर क्वचितच वाढतो. लागवडीचा वाण तेवढा आडदांड नाही, हे मान्य. पण आपण मागवलेली पुडी कुठल्या वाणाची आहे हे तिच्यावर लिहिलेलं नसतं. आणि हळद काय किंवा बटाटा काय, काढताना रानाची माती ट्रॉलीतून गावभर हिंडतेच.

भाच्याला मी हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, “मामा, तुम्ही गच्चीवर लावलात तेव्हा?” बरोबर विचारलं त्यानं. कुंडी उपडी केल्यानंतर ती माती मी जुन्या घमेल्यात भरून ठेवली होती, पुढच्या जूनमध्ये त्यातच मिरची लावली. मिरचीबरोबर पोपटी पात वर आलीच. मी आठवड्याला एकदा ती उपटतोय, आणि हे दुसरं वर्ष चालू आहे. मग त्यानं दहा गुंठ्यांचा विचार सोडून दोन रिकामे डबे मागितले. वाळू भरून, पत्र्यावर, बांधापासून लांब लावून बघणार आहे. दाजींनी त्यालाही परवानगी दिलेली नाही, पण ते दोघं बघून घेतील.

आपल्याकडं एवढीच विनंती आहे की पुढच्या रविवारी दोन ओळींची दुरुस्ती छापावी: टायगर नट म्हणजे सायपरस एस्क्युलेंटस, लव्हाळा म्हणजे सायपरस रोटुंडस, एक खायचा आणि एक औषधाचा. सोबत चित्र छापायचं असेल तर नुसत्या पातीचं छापू नका, मुळासकट छापा. माळेतल्या गाठी आणि टोकाच्या सुट्या गाठी बघितल्या की शाळकरी पोरालाही कळेल. दोन्ही उपटून, धुऊन मी काचेच्या बरण्यांत घालून ठेवल्यात. दुकान सकाळी नऊला उघडतं, सोमवारी बंद. आपला छायाचित्रकार पाठवलात तर बरण्या उन्हात आणून देईन. आणि ती कडेवर बाळ घेऊन आलेली मुलगी हे वाचत असेल, तर तिनं एकदा येऊन जावं. मुलीनं पुण्याहून नवी पुडी पाठवलीय, त्यातली थोडी तिच्यासाठी बाजूला काढली आहे. पीठ मात्र तिचं तिलाच करावं लागेल, माझ्या खलबत्त्याला मोथ्याचा वास लागलाय.

आपला,
एक काष्ठौषधी विक्रेता, कराड